जर्सीचा रंग आणि अर्ध्या हंगामाचा हिशोब

भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मधल्या ज्या ऊसपट्ट्याला दौंड तालुक्यात राहू बेट म्हणतात, तेथे आणि भीमेपलीकडच्या शिरूर तालुक्यात कबड्डी पाहणारा माणूस एकाच वर्षात दोन निरनिराळ्या जातीच्या संघांचा पाठीराखा असतो. एक संघ गावच्या तरुण मंडळाचा, जो थंडीपासून चैत्रातल्या यात्रांपर्यंत प्रकाशझोतातल्या मैदानी स्पर्धांत उतरतो. दुसरा दूरचित्रवाणीच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा प्रो कबड्डी लीगमधला, आणि पुणे जिल्ह्यात तो बहुधा पुणेरी पलटण हाच. दोन्ही संघांविषयीचे वाद मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरतात: यंदाची जर्सी कशी आहे, आणि निम्मा हंगाम सरला तेव्हा संघ कोठे उभा आहे. पहिला प्रश्न हौसेचा आणि दुसरा जाणकारीचा असे वरवर वाटते. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी संघ म्हणजे नेमके काय, हाच एक प्रश्न असतो. गावच्या मंडळात खेळाडू तेच राहतात आणि शर्ट दरवर्षी बदलतो, तर व्यावसायिक लीगमध्ये शर्टाचा रंग राहतो आणि त्यातले खेळाडू लिलावात हात बदलतात. हा भेद ध्यानात घेतला नाही तर यातल्या कोणत्याच वादाचा अर्थ लागत नाही.

कबड्डीत गणवेशाला इतके महत्त्व फार उशिरा आले. महाराष्ट्रात हुतुतू म्हणून खेळल्या जाणाऱ्या या खेळाला लिखित नियमांची चौकट विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत मिळाली; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याचे प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांपुढे केले आणि १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्या सगळ्या काळात खेळाडूचा पोशाख म्हणजे लंगोट, अर्धी चड्डी आणि बनियन एवढाच होता, आणि मातीत दोन चढाया झाल्या की कोणत्याही रंगाचे बनियन मातीच्याच रंगाचे होत असे. ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आणि त्यांच्या पिढीच्या संघटकांनी खेळाला शिस्त लावली, ती प्रामुख्याने नोंदणी, पंच आणि मापे यांच्या बाबतीत. गणवेशाविषयीचा नियम आजही साधाच आहे: एका संघाच्या सर्व खेळाडूंचा पोशाख सारखा असावा, छातीवर आणि पाठीवर क्रमांक असावा व पाठीवरचा क्रमांक अधिक मोठा असावा, नखे कापलेली असावीत, अंगावर दागिने नसावेत आणि अंगाला तेल किंवा कोणताही निसरडा पदार्थ लावलेला नसावा.

कबड्डीत कपडा थेट खेळाच्या आड येतो, ही गोष्ट क्रिकेट पाहून तयार झालेल्या नजरेला सहसा दिसत नाही. चढाई करणाऱ्या खेळाडूला हातपाय किंवा धड धरून रोखणे हीच वैध पकड. केसांना किंवा कपड्यांना मुद्दाम धरून त्याला थांबवले, तर तो बाद ठरत नाही. त्यामुळे सैल शर्ट घालून उतरलेल्या चढाईपटूच्या बाबतीत पंचाला दरवेळी ठरवावे लागते, की बचावपटूच्या मुठीत कंबर होती की शर्टाचा घोळ. मॅटचा, म्हणजे कृत्रिम गादीच्या मैदानाचा, वापर वाढला तसा अंगाला घट्ट बसणारा, ताणला जाणारा आणि घाम लवकर वाळू देणारा पॉलिस्टरचा कपडा आला. मातीत न मळणाऱ्या या कपड्यावर प्रथमच रंग सामना संपेपर्यंत टिकू लागला, आणि रंग टिकू लागल्यावरच त्याविषयी वाद घालण्यात अर्थ निर्माण झाला.

हा कपडा गावापर्यंत पोचला तो सब्लिमेशन या छपाईच्या तंत्रामुळे. या तंत्रात खास कागदावर आधी पूर्ण नक्षी छापतात आणि तो कागद कपड्यावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला दाबतात. त्या उष्णतेने रंग द्रवरूप न होता थेट वायुरूप होतो आणि पॉलिस्टरच्या धाग्यात मुरतो. सुती कापडावर हे साधत नाही, म्हणून जुने सुती बनियन या लाटेत मागे पडले. साचा किंवा पडदा बनवण्याचा खर्च नसल्याने दहा-बारा शर्टांची छोटी मागणीही परवडते, प्रत्येक शर्टावर वेगळे नाव आणि क्रमांक टाकता येतो, आणि परगावच्या छपाईवाल्याला मोबाइलवर नक्षी पाठवली की काम होते. एरवी फक्त मोठ्या संघांना शक्य असलेली चैन, म्हणजे दर हंगामाला नवी जर्सी, अशा रीतीने सात खेळाडू आणि पाच राखीव एवढ्याच पसाऱ्याच्या मंडळाच्या आवाक्यात आली.

मात्र गावच्या जर्सीचा खर्च मंडळ क्वचितच स्वतः करते. छातीवर मंडळाचे नाव आणि देवस्थानाचे किंवा शिवछत्रपतींचे चित्र असते, तर पाठीवर क्रमांकाच्या वर किंवा खाली 'सौजन्य' या शब्दापुढे देणगीदाराचे नाव असते. आणि हा देणगीदार ऊसपट्ट्यात गुऱ्हाळाचा मालक, दूध संकलन केंद्र चालवणारा, ट्रॅक्टरचा किंवा खताचा विक्रेता, अथवा पुढच्या निवडणुकीकडे डोळा ठेवून असलेला कार्यकर्ता असतो. निवडणुकीच्या वर्षात शर्टाचे कापड सुधारते, हे निरीक्षण विनोदाने सांगितले जात असले तरी अगदीच निराधार नसावे. देणगीदार बदलला की रंगही बदलतो, कारण नव्या माणसाला जुन्या माणसाच्या रंगात आपले नाव नको असते. परिणामी गावातला जर्सीचा वाद दिसायला रंगाचा असला तरी असतो मालकीचा: नाव किती मोठे असावे, मंडळाच्या नावापेक्षा देणगीदाराचे नाव ठळक का, आणि ज्याने यंदा शर्ट दिले त्याच्या घरचा मुलगा पहिल्या सातांत कसा काय आला. वयाने मोठी माणसे यावर 'शर्टानं का गुण मिळत्यात' असे म्हणून विषय मिटवू पाहतात, पण विषय मिटत नाही, कारण तो गुणांचा नसतोच.

गावच्या संघाच्या मधल्या हंगामातील कामगिरीचा हिशोबही लीगच्या हिशोबासारखा नसतो. मैदानी स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असल्याने तेथे गुणतालिका नाही. डिसेंबर-जानेवारीपर्यंत कोणत्या गावी बक्षीस मिळाले, कोणत्या नामवंत संघाला शेवटच्या चढाईपर्यंत झुंजवले, आणि कोणाचा गुडघा किंवा घोटा अजून धरून आहे, एवढ्यावरच मत बनते. त्यातच ऊसतोडणीचा आणि साखर कारखान्यांच्या गाळपाचा काळ नेमका हाच असल्याने सरावाला रोज सगळे जमत नाहीत. पुणे जिल्ह्याच्या कबड्डीत अलीकडच्या वर्षांत पुणे ग्रामीण हा राज्य स्पर्धेतला स्वतंत्र घटक झाल्यामुळे या हंगामाला निवडीचे एक टोकही मिळाले आहे, कारण चांगल्या खेळाडूला आता पुणे शहराच्या संघात जागा शोधावी लागत नाही. पण त्याच कारणाने गुणी मुलांवर बाहेरच्या मंडळांची नजर जाते, आणि एखाद्या मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेसाठी परगावचे दोन-तीन चढाईपटू आणून संघ उभा केला की पाठीराख्यांत कुरकुर सुरू होते: शर्ट आपला, पोरं बाहेरची. लीगच्या प्रेक्षकाला जे अंगवळणी पडले आहे, ते गावाला अजून पचलेले नाही, असा या कुरकुरीचा अर्थ आहे.

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी ८ संघांनिशी सुरू झाली आणि २०१७ च्या पाचव्या हंगामापासून तिच्यात १२ संघ खेळू लागले. दूरचित्रवाणीसाठी रचलेल्या या स्पर्धेत रंग ही पहिल्या दिवसापासूनची योजना होती: जयपूरचा गुलाबी रंग शहराच्या आणि संघाच्या नावातूनच आला, पाटण्याचा हिरवा झाला, आणि महाराष्ट्रातल्या दोन्ही संघांनी, म्हणजे यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांनी, आपली ओळख नारिंगीभोवती बांधली. वारकऱ्यांच्या पताकेपासून गडांवरच्या निशाणापर्यंत या रंगाचे जे वजन मराठी मनावर आहे ते पाहता ही निवड भाबडी नव्हती. परंतु एकाच भावनेला दोघांनी हात घातल्याने महाराष्ट्राच्या या दोन संघांचा सामना रंगापुरता तरी घरातल्या घरात झाल्यासारखा दिसण्याची सोय झाली. अशा वेळी एका संघाने पर्यायी पोशाख घालावा हाच उपाय असतो, आणि आपल्या संघाने आपला रंग का सोडावा यावर दोन्हीकडचे पाठीराखे सारख्याच तावातावाने बोलतात.

पुण्याच्या खेळरसिकाला रंगाविषयी हळवे होण्याचे आणखी एक कारण आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये उतरलेल्या एफसी पुणे सिटी या फुटबॉल संघाचे पाठीराखे 'ऑरेंज आर्मी' या नावाने ओळखले जात आणि बालेवाडीच्या मैदानात त्यांचा कोपरा लांबूनही दिसे; २०१९ मध्ये तो संघ बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. क्रिकेटमध्ये पुणे वॉरियर्स हा आयपीएल संघ २०११ ते २०१३ एवढाच टिकला, आणि २०१६ मध्ये आलेला रायझिंग पुणे सुपरजायंट्स दोनच हंगाम खेळला. त्यांपैकी पहिल्या हंगामात तो आठांत सातवा आला, दुसऱ्या हंगामाआधी नावातला शेवटचा 'स' त्याने गाळला, आणि २०१७ चा अंतिम सामना मुंबई इंडियन्सकडून अवघ्या एका धावेने गमावला. नाव छाटल्यामुळे नशीब फळफळले असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि संघच उरला नसल्याने त्यांना खोडून काढण्याची संधीही कोणाला मिळाली नाही. ज्या शहराच्या कपाटात संघ नसलेल्या जर्सी जमा झाल्या आहेत, त्याच्या आसपासच्या जिल्ह्यात पलटणीच्या नारिंगी रंगात छटा जरी बदलली तरी लोकांना काळजी वाटते, यात नवल नाही.

रंगाने खरोखर काही फरक पडतो का, याची शास्त्रीय तपासणीही झालेली आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध, तायक्वांदो आणि कुस्तीच्या दोन्ही प्रकारांत खेळाडूंना लाल किंवा निळा पोशाख चिठ्ठीने मिळत होता. म्हणजे कोणता रंग कोणाला, हे कौशल्यावर अवलंबून नव्हते. रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन या दोन ब्रिटिश संशोधकांनी या लढतींचे निकाल तपासले आणि लाल पोशाखाच्या बाजूने सुमारे ५५ टक्के निकाल लागल्याचे २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडले. लाल रंग पाहून प्रतिस्पर्धी दबतो, की पंचाचा हात नकळत लालकडे झुकतो, यावर नंतर बराच खल झाला, आणि पुढच्या अभ्यासांत हा परिणाम पुष्कळ क्षीण किंवा अनिश्चित निघाला. मॅटवरची कुस्ती लाल-निळ्या पोशाखात पाहणाऱ्या महाराष्ट्राला हा प्रयोग कळायला सोपा आहे, पण कबड्डीत रंग चिठ्ठीने मिळत नसल्याने तो तेथे लावता येत नाही. हिरव्या पाटण्याने तिसरा, चौथा आणि पाचवा असे सलग तीन हंगाम जिंकले ते परदीप नरवालसारख्या चढाईपटूमुळे की हिरव्या रंगामुळे, याचे उत्तर द्यायला शास्त्रज्ञाची गरजही नाही.

खेळाडू बदलतात आणि रंग राहतो, या म्हणण्याची सगळ्यात बोचरी साक्ष पलटणीच्याच इतिहासात आहे. दहाव्या हंगामाच्या लिलावात पुणेरी पलटणीने इराणचा अष्टपैलू खेळाडू मोहम्मदरझा शादलू याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकून, ३ बरोबरीत सोडवून आणि फक्त २ गमावून पलटण ९६ गुणांसह पहिली आली, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात तिने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. त्या सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले, हे आजही सांगितले जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला कर्णधार अस्लम इनामदार आणि नाशिक जिल्ह्याचा आकाश शिंदे हे दोघेही २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते, त्यामुळे हा विजय बाहेरून विकत आणलेला आहे असेही कोणी म्हणू शकले नाही. पुढच्या लिलावात मात्र शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ रोजी, पुण्याच्याच बालेवाडीत, हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून चषक उचलला, तेव्हा त्या जल्लोषात शादलू होता आणि त्याच्या अंगावरचा शर्ट निळा होता.

अकराव्या हंगामाची सुरुवात पाहणाऱ्याला हा शेवट सुचला नसता. गतविजेत्या पलटणीने हैदराबादच्या पहिल्या टप्प्यात आपला पहिलाच सामना हरियाणाविरुद्ध खेळला आणि तो आरामात जिंकला. संघ तोच आहे, फक्त एक माणूस गेला, असे त्या आठवड्यात सगळ्यांचे मत होते. नंतर अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाच्या मध्यावर बाहेर पडला, सामने नोएडाला गेले, आणि ३ डिसेंबरला जेव्हा स्पर्धा पुण्यात आली तेव्हा पलटण पहिल्या सहांत राहण्यासाठी धडपडत होती. ती धडपड फळली नाही. या घसरणीच्या काळातच नव्या शर्टाच्या नक्षीला नावे ठेवणे वाढले, आणि त्यात एक मानसिक सोय आहे हे मान्य करावे लागेल: जायबंदी कर्णधारावर राग काढता येत नाही, परक्या संघात गेलेल्या इराणी खेळाडूला दोष देणे कृतघ्नपणाचे वाटते, शर्ट मात्र बिचारा उलटून बोलत नाही.

मधल्या टप्प्यावरची गुणतालिका फसवी का असते, हे समजून घ्यायला थोडा हिशोब करावा लागतो. अकराव्या हंगामापर्यंत विजयाला ५ गुण, बरोबरीला प्रत्येकी ३ आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलेल्या संघाला १ गुण मिळत असे. समजा, ११ सामन्यांनंतर एका संघाने ६ जिंकले आणि ५ मोठ्या फरकाने गमावले, तर त्याचे ३० गुण झाले. दुसऱ्याने ५ जिंकले, २ बरोबरीत सोडवले आणि उरलेले ४ थोडक्यात गमावले, तर त्याचे २५, ६ आणि ४ मिळून ३५ गुण झाले. कमी विजय मिळवणारा संघ वर, आणि जास्त विजय मिळवणारा खाली. यात अन्याय आहे असे म्हणणारे आहेत. पण चिवटपणाला किंमत असावी या दृष्टीने तो नियम वाईट नव्हता, आणि कबड्डीत तर दोन गुणांचे लोण, म्हणजे सातही गडी बाद झाल्यावर मिळणारा अधिकचा लाभ, एका मिनिटात निकाल पालटवतो, तेव्हा थोडक्यात हरणे आणि थोडक्यात जिंकणे यांत गुणवत्तेचे अंतर फारसे नसतेच. २०२५ च्या बाराव्या हंगामात ही रचना मोडून विजयाला सरळ २ गुण आणि पराभवाला शून्य केले, बरोबरी सोडवण्यासाठी पाच-पाच चढायांचा निर्णायक डाव ठेवला, आणि साखळी सामने १८ वर आणले. नव्या नियमात वरच्या उदाहरणातला पहिला संघ १२ गुणांवर राहतो. दुसरा त्याला तेव्हाच मागे टाकतो, जेव्हा बरोबरीचे दोन्ही सामने तो निर्णायक डावात जिंकतो.

दुसरी अडचण क्रमवारीची आहे. लीग एका शहरातून दुसऱ्या शहरात टप्प्याटप्प्याने फिरते, त्यामुळे एखाद्या तारखेला कोणाचे अकरा सामने झालेले असतात तर कोणाचे नऊच; शिवाय त्या नऊ-अकरांत बलाढ्य प्रतिस्पर्धी किती येऊन गेले, याची नोंद तालिकेत नसते. अकराव्या हंगामात बेंगळुरू बुल्सने संपूर्ण साखळीत दोनच सामने जिंकले. अशा संघाशी दोन्ही लढती आधीच उरकलेल्या संघाचा मधला आकडा फुगलेला असणार आणि ज्याच्या त्या लढती बाकी आहेत त्याचा आकडा दबलेला असणार. म्हणून जाणकार मंडळी केवळ स्थान पाहत नाहीत. गुणफरक, म्हणजे मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांमधले अंतर, हा त्यांना अधिक विश्वासार्ह वाटतो. त्याखालोखाल त्यांचे लक्ष कोपरारक्षकांवर असते, कारण चढाईपटूची लय दोन सामन्यांत येते-जाते, पण डाव्या आणि उजव्या कोपऱ्यातल्या जोडीचा मेळ बिघडला तर तो त्या हंगामात क्वचितच पुन्हा बसतो.

पलटणीच्या आरंभीच्या इतिहासाने मात्र पाठीराख्याला धीर धरायला शिकवले असावे. पहिल्या दोन्ही हंगामांत ती आठांत आठवी, म्हणजे शेवटची, आली होती. तिसऱ्या आणि चौथ्या हंगामात ती थेट तिसरी आली. दरम्यान बदलले ते खेळाडू आणि प्रशिक्षक. अशोक शिंदे यांच्या मार्गदर्शनाखाली आणि मनजित छिल्लरच्या नेतृत्वाखाली तिसऱ्या हंगामात जो संघ उतरला त्याचा आधीच्या संघाशी संबंध जवळपास नावापुरताच होता. तरीही त्या यशाचा आनंद लुटला तो शेवटच्या क्रमांकाची थट्टा दोन वर्षे सोसलेल्या प्रेक्षकांनीच, आणि तेवढ्यापुरता संघ म्हणजे प्रेक्षकच होता असे म्हणायला हरकत नाही.

कोल्हापुरात हे समीकरण आणखी वेगळे आहे. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या आणि पेठांच्या नावांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि संघाचा रंग गल्लीच्या भिंतींवर चढलेला असतो. तेथे जर्सी बदलणे हा देणगीदाराचा हक्क मानला जात नाही, कारण रंग पेठेचा असतो. कबड्डीची मंडळे अशी का घडली नाहीत, याचे एक कारण पेठेसारखी कायमची सीमा आणि तालमीसारखी इमारत त्यांच्यापाशी नव्हती हे असावे. उसाच्या पट्ट्यातले मंडळ मैदान मिळेल तेथे सराव करते आणि पिढी लग्न-नोकरीत गुंतली की काही वर्षे झोपी जाते.

जगात जर्सी आणि मधला हंगाम यांवर सर्वाधिक वाद जेथे घातला जात असेल ती जागा म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल. तेथे लाखाच्या आसपास प्रेक्षक बसतील अशी मैदाने विद्यापीठांच्या मालकीची आहेत, आणि शिकायला गेलेली मराठी मुलेही पहिल्या शरद ऋतूतच विद्यापीठाच्या रंगाचा शर्ट विकत घेतात. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळण्याचा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण आणि खांद्यांचे कवच घालून प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसण्याचा तो खेळ आहे, आणि त्या अंगाने त्याचे नाते कबड्डीशी अधिक जवळचे ठरावे. मिशिगन विद्यापीठाच्या शिरस्त्राणावरची पंखांची नक्षी फ्रिट्झ क्रिसलर या प्रशिक्षकाने १९३८ मध्ये आणली आणि ती आजही तशीच आहे. अलाबामाच्या गडद लाल शिरस्त्राणावर चिन्ह नसून केवळ खेळाडूचा क्रमांक असतो. याउलट ऑरेगॉन विद्यापीठाचा संघ नायकी कंपनीचे सहसंस्थापक आणि त्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी फिल नाइट यांच्या पाठबळावर जवळजवळ प्रत्येक सामन्यात नवी रंगसंगती घालून उतरतो. जुन्यांना हा पोरकटपणा वाटतो, तर भरतीला येणाऱ्या अठरा वर्षांच्या खेळाडूंना नेमका तोच आवडतो. साखळी हंगाम अवघ्या बारा सामन्यांचा असल्याने सहाव्या सामन्यानंतरचे दोन पराभवही तेथे प्रशिक्षकाच्या नोकरीवर बेततात. २०२४ पासून बाद फेरीत चारऐवजी बारा संघ घेऊ लागल्यावर ही धग थोडी कमी झाली आहे.

या अमेरिकन उदाहरणात एक गोष्ट राहू-शिरूरच्या वाचकाला ओळखीची वाटेल. दीर्घकाळ तेथला खेळाडू त्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी असे, तीन-चार वर्षे त्याच रंगात खेळे, आणि दुसरीकडे जायचे तर सहसा त्याला एक वर्ष बाहेर बसावे लागे. म्हणजे तो आपल्या गावच्या मंडळातल्या खेळाडूसारखा होता. २०२१ पासून ही अट सैल झाली, त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि आता दर हिवाळ्यात शेकडो खेळाडू विद्यापीठ बदलतात. तेथला पाठीराखा गावच्या मैदानातून लिलावाच्या दालनात ढकलला गेला आहे, आणि गेल्या काही वर्षांत जुन्या, साध्या जर्सी परत आणण्याची मागणी तेथे जोर धरत असेल, तर तिचे कारण केवळ सौंदर्यदृष्टीत शोधून चालणार नाही.

पलटणीच्या पाठीराख्यांना २०२५ मध्ये याचीच आणखी पुढची पायरी पाहायला मिळाली. बाराव्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत झाले. पुण्यात एकही झाला नाही, तेव्हा नारिंगी शर्ट घालून बालेवाडीला जाण्याचा प्रश्नच नव्हता. नेमक्या त्याच वर्षी अजय ठाकूर या माजी भारतीय कर्णधाराच्या मार्गदर्शनाखाली आणि परतलेल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटण सुरुवातीपासून वरच्या स्थानांवर राहिली, मधल्या टप्प्यावर कोणाला शर्टाला नावे ठेवण्याची गरज भासली नाही, आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीच्या त्यागराज क्रीडागृहात, दबंग दिल्लीच्याच प्रेक्षकांसमोर, अंतिम सामना तिने ३१-२८ असा गमावला. त्याच सुमारास उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळांची आणि गाळपाची लगबग सुरू होत होती, आणि गावोगावच्या मंडळांत यंदाचे शर्ट कोण देणार याची बोलणी.